केल्माचं अबोली आकाश

केल्मा नावाच्या ग्रहावरचं आकाश अबोली रंगाचं असतं, याबद्दल यशोधन टिळेकरच्या मनात लहानपणापासून कधी शंका आली नव्हती. माणसाच्या डोक्यात काही गोष्टी पक्क्या बसलेल्या असतात. शाळेतला हजेरी नंबर, पहिल्यांदा मार दिलेल्या मास्तरांचा आवाज, तसं यशोधनच्या डोक्यात हे आकाश होतं. त्यामुळे न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या आपल्या घरी, खास इंग्लंडहून मागवलेली सिनेमाची चकती त्यानं प्लेअरमध्ये घातली आणि टीव्हीवर आलेलं आकाश चक्क पिवळं निघालं, तेव्हा तो सोफ्यावरून उठून उभा राहिला.

"पिवळं?" तो म्हणाला.

"मग काय झालं?" त्याची बायको अनुराधा मेथी निवडता निवडता म्हणाली. "चांगलं दिसतंय की."

"अगं, पण ते अबोली होतं!"

"बाबा, इट्स जस्ट अ स्काय," त्यांची दहा वर्षांची मुलगी ओवी म्हणाली. ओवीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर मात्र तिकडच्या शाळेतून घासूनपुसून यायचं.

सिनेमाचं नाव 'लास्ट डॉन ऑन केल्मा'. तुम्ही तो पाहिलेला नसेल, त्यात तुमचा काही दोष नाही. त्यात एका डोळ्यावर काळी पट्टी बांधलेला एक कप्तान आणि पिंपाला हातपाय फुटावेत तसा दिसणारा एक यंत्रमानव केल्मा ग्रहावर उतरतात, तिथे बराच वेळ चालतात, आणि शेवटी कप्तान एका टेकडीवर उभा राहून हात हलवतो. बस. पुण्यातल्या पाटबंधारे खात्याच्या वसाहतीत हा सिनेमा गणपतीत दाखवला गेला तो निव्वळ घोटाळ्यानं. मंडळानं भक्तिपट मागवला होता, दुकानदारानं चुकून हा डबा दिला. सुरुवातीला कुणाला काही कळलंच नाही. विभावरीकाकूंनी तर ढगांतून प्रकाश पाडत उतरणाऱ्या यानाला हात जोडले आणि नातवालाही जोडायला लावले.

आठ वर्षांच्या यशोधनवर मात्र त्या संध्याकाळचा जन्मभराचा ठसा उमटला. त्याचं खरं कारण केल्मा नव्हतं, अप्पा होते.

त्याचे वडील, पांडुरंग टिळेकर, पाटबंधारे खात्यात. आज या धरणावर, उद्या त्या कालव्यावर. घरी आले तरी मन कुठल्यातरी भिंतीच्या गळतीपाशी असायचं. मुलाशी बोलायचं म्हणजे प्रगतिपुस्तकावर सही करताना "हं" म्हणायचं. पण त्या संध्याकाळी अप्पा पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच्या शेजारी होते. तो जमिनीवर बसला होता आणि अप्पांचा पाय त्याच्या खांद्याला टेकलेला होता. मध्येच त्यानं वर बघून विचारलं होतं, "अप्पा, तुम्हाला दिसतंय ना?" आणि अप्पा म्हणाले होते, "दिसतंय, दिसतंय. तू बघ." बापानं आणि मुलानं मिळून एक गोष्ट पाहिल्याची यशोधनकडे तेवढीच एक आठवण होती. बाकी सगळे कालवे.

आता २०१४ सालच्या तिकडच्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्या पावसाळ्यात, अप्पा आणि आई सहा महिन्यांसाठी न्यूझीलंडला आले होते. गणपती झाले की परत जाणार होते, आणि अप्पांनी आल्याआल्याच सांगून टाकलं होतं, की या वयात पुन्हा एवढा प्रवास आपल्याला झेपायचा नाही. म्हणूनच तर यशोधननं ती चकती मागवली होती. अप्पांना शेजारी बसवून त्यानं मोठ्या थाटात सिनेमा लावला, टेकडीचा प्रसंग येईपर्यंत दम धरला आणि मग विचारलं, "आठवतंय का अप्पा? वसाहतीचा गणपती?"

अप्पांनी चष्मा वर केला, टीव्हीकडे नीट पाहिलं आणि खात्याच्या अहवालाच्या सुरात म्हणाले, "नाही. हा सिनेमा मी पाहिलेला नाही."

यशोधनला ते फार लागलं. पण तो इंजिनिअर होता, आणि दुःखाचं रूपांतर कामात करायची त्याला सवय होती. अप्पांना आठवत नाही याचा अर्थ चकतीत खोट आहे, असा त्यानं निष्कर्ष काढला. रंग चुकलाय. रंग बरोबर असता तर अप्पा लगेच म्हणाले असते, हेच ते! तेव्हा रंग दुरुस्त करायचा. अप्पा परत जायच्या आत.

चौकशी केल्यावर कळलं, की जगात हे काम करणाऱ्या हौशी लोकांची एक अख्खी जमात आहे. कंपनीनं सिनेमाची नवी चकती काढली आणि रंग बिघडवले, की हे लोक तो सिनेमा संगणकावर उतरवून घेतात आणि प्रत्येक दृश्याचा रंग पुन्हा हातानं लावतात. पैसे कुणी देत नाही, आभार कुणी मानत नाही. इंटरनेटवर त्यांचा एक कट्टा होता आणि त्यात केल्मासाठी स्वतंत्र कोपरा होता. जगभरातून मोजकी माणसं तिथे जमत आणि एकमेकांशी कडाडून भांडत. यशोधनला पहिल्याच दिवशी पुण्यात परत आल्यासारखं वाटलं.

त्यानं मोठ्या विनयानं लिहिलं, की नव्या चकतीत तीन घोडचुका आहेत. एक, आकाश पिवळं नसून अबोली होतं. दोन, कप्तानाची पट्टी डाव्या नव्हे, उजव्या डोळ्यावर होती, म्हणजे कंपनीनं सबंध सिनेमाच उलटा छापला आहे. तीन, केल्माच्या आकाशात मधोमध वरून खालपर्यंत एक बारीक चीर होती, ती कंपनीनं पुसून टाकली आहे.

फिनलंडच्या एका गृहस्थानं स्वतःजवळच्या मूळ प्रिंटचा फोटो टाकला. पिवळं आकाश, डावा डोळा, चीर नाही. यशोधननं उत्तर दिलं, की तुमच्या प्रिंटचा रंग उडाला असावा आणि फोटो काढताना तुम्ही ती उलटी धरली असावी. "आणि चीर?" असा प्रश्न आला. यशोधननं लिहिलं, की चीर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे, यंत्रमानव तिच्यातून आरपार जात असे. दुसऱ्या दिवशी त्याचं सगळं लिखाण 'विनोद' या विभागात हलवण्यात आलं होतं.

पुढचे दोन दिवस यशोधन धुमसत होता. ऑफिसात कुणी माओरीतला रामराम म्हणून "कीया ओरा" म्हटलं तरी त्यात त्याला खोच दिसायची.

तिसऱ्या दिवशी त्यानं गॅरेज रिकामं केलं. रंगकामाच्या खोलीच्या भिंती राखाडीच हव्यात, नाहीतर डोळा फसतो, असं त्यानं वाचलं होतं. गाडी बाहेर पावसात गेली आणि गॅरेजला राखाडी रंग लागला. "बाहेर आभाळ राखाडी, आत गॅरेज राखाडी," अनुराधा म्हणाली. "तेवढे नवऱ्याचे केस राहिलेत, तेही होतील." संगणकावर धूळ बसू नये म्हणून त्याला काहीतरी झाकायला हवं होतं. आईनं भारतातून येताना पुरणयंत्र एका जुन्या, धुऊन धुऊन विटलेल्या चादरीत गुंडाळून आणलं होतं. यशोधननं तीच घेतली, चौपदरी घडी करून संगणकावर टाकली आणि कामाला लागला.

पहिली अडचण अबोलीचीच आली. सगळ्यांना विचारून बघावं म्हणून त्यानं घरातल्या बायकांना बोलावलं, ही त्याची चूक. पुरुषाला रंग सात दिसतात, महाराष्ट्रातल्या बाईला साडीच्या दुकानात असतात तितके दिसतात.

"ही कसली अबोली?" आई म्हणाली. "हा गुलबक्षी झाला. जरा पिवळं घाल."

"आई, आता आमसुली होतोय," अनुराधा म्हणाली.

"आमसुली कुठला, अंजिरी म्हण. माझं अंजिरी पातळ होतं ना, कांचनच्या लग्नातलं..." आणि मग संध्याकाळभर कांचनआत्याचं लग्न चाललं. केल्मा बाजूला राहिला आणि यशोधनला एवढंच कळलं, की लग्नात मठ्ठा कमी पडला होता. अप्पा दारात येऊन उभे राहायचे, एकदा संगणकाकडे, एकदा भिंतींकडे बघायचे आणि विचारायचे, "इथं ओल येत नाही ना?"

मग यशोधन शास्त्राकडे वळला. त्याचा मित्र चंद्रहास दुधावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत होता आणि लोण्याचा पिवळेपणा मोजणं हे त्याचं पोटापाण्याचं काम होतं. रंग अचूक आकड्यात सांगणारं एक यंत्र त्याच्या प्रयोगशाळेत होतं. ते शनिवारी घरी आणता येईल का, असं यशोधननं विचारलं. चंद्रहासनं रीतसर अर्ज केला. अर्जात 'कोणत्या पदार्थाची तपासणी करणार' असा रकाना होता आणि चंद्रहास मुळात सत्यवादी माणूस, त्यानं तिथे 'आकाश' असं लिहिलं. अर्ज नामंजूर झालाच, वर त्याला वरिष्ठांनी बोलावून आपुलकीनं विचारलं, की घरी सगळं ठीक आहे ना.

शेवटी यशोधननंच आकाशाचं एक चित्र कागदावर छापून घेतलं आणि दोघं प्रयोगशाळेत गेले. यंत्राला फक्त लोणी माहीत. चित्राचा गोल कापून बशीत ठेवावा लागला. यंत्रानं बराच विचार केला आणि निर्णय दिला.

"काय म्हणतंय?" यशोधननं श्वास रोखून विचारलं.

"खारवलेलं लोणी म्हणून पास आहे," चंद्रहास म्हणाला. "निर्यातीला चालेल."

यापुढे यशोधननं कुणालाच विचारलं नाही. संध्याकाळी ऑफिसातून आला, की गॅरेजमध्ये जाऊन, डोळे मिटून, वसाहतीतलं ते मैदान, अगरबत्तीचा वास, खांद्याला टेकलेला अप्पांचा पाय, सगळं समोर आणायचं आणि डोळे उघडून रंग लावायचा. एकेक दृश्य अबोली होत गेलं. मग त्यानं सबंध सिनेमा डावा-उजवा उलटवला. आणि सरतेशेवटी, फिनलंडच्या नाकावर टिच्चून, आकाशाच्या मधोमध एक बारीक चीर स्वतःच्या हातानं काढली. ओवी मागे उभी राहून बघत होती.

"बाबा, आर यू फिक्सिंग इट ऑर ब्रेकिंग इट?"

"दुरुस्त करतोय, बाळा."

"स्वीट ॲज," ओवी तिकडच्या भाषेत 'झकास' म्हणाली आणि निघून गेली. त्या आवाजात विश्वास नव्हता.

गणपती बसले. घरातला गणपती पाच दिवसांचा, आणि विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी खेळ करायचं ठरलं. तोही मागच्या अंगणात. कारण वसाहतीतला खेळ उघड्यावर झाला होता आणि यशोधनला आता काही बाकी ठेवायचं नव्हतं. प्रोजेक्टर आणि चांगला पांढरा पडदा भाड्यानं मिळाला. आधार म्हणून शेजारच्या ग्रॅहमनं दोन बांबू दिले. ग्रॅहम निवृत्त शिक्षक. कुंपणालगतच्या बांबूच्या बेटानं त्याला जेरीस आणलं होतं, तो म्हणाला, दोन काय, वीस ने.

"पण वारा असतो रे," चंद्रहास म्हणाला.

वारा असतोच. गावाजवळच्या डोंगरावर पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. पण ग्रॅहमनं आकाशाकडे बघून "शी'ल बी राइट, मेट" म्हणजे 'सगळं ठीक होईल, मित्रा' असं सांगितलं. हे वाक्य त्या देशात छप्पर उडण्यापूर्वी नेहमी म्हटलं जातं.

यशोधन पडला कायद्याला भिणारा माणूस. त्यानं कौन्सिलला फोन करून परवानगी लागते का विचारलं. कार्यक्रम विभागानं सांगितलं, खांब उभारताय तर बांधकाम विभागाला विचारा. बांधकामवाल्यांनी सांगितलं, आवाज होणार असेल तर आवाजवाल्यांना विचारा. आवाजवाल्या बाईंनी शेवटी विचारलं, "तुम्ही नक्की काय करताय?"

"दोन बांबूंना एक कापड बांधतोय," यशोधन म्हणाला.

"कपडे वाळत घालायला परवानगी लागत नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी शुभेच्छा देऊन फोन ठेवला.

आरती झाली. सात वाजता अंगणात गच्च अंधार होता आणि थंडी मी म्हणत होती. अप्पांना खुर्चीत बसवून, शाल आणि कानटोपी घालून, वर ओवीचं शाळेचं ब्लँकेट दिलं. आईच्या हातात उकडीच्या मोदकांचा डबा. चंद्रहास, त्याची बायको विनिता, ग्रॅहम, सगळे जागा धरून बसले. एक बांबू कपडे वाळत घालायच्या खांबाला घट्ट बांधलेला, दुसरा ओल्या मातीत रोवलेला. यशोधननं घसा साफ केला. तो दोन शब्द बोलणार होता.

तेवढ्यात वारा आला. भाड्याचा पांढरा पडदा एकदा फुगला, दोऱ्या तोडून वर गेला आणि कुंपण ओलांडून ग्रॅहमच्या लिंबाच्या झाडावर जाऊन बसला. काढला तेव्हा त्याच्या चार चिंध्या झाल्या होत्या.

यशोधन खाली मान घालून उभा राहिला. अप्पा आठवड्यानं निघणार होते. पुन्हा पडदा मिळणार नव्हता, पुन्हा सुट्टी नव्हती, आणि 'पुन्हा' म्हणायला अप्पाही नव्हते. त्याला रडूच यायचं बाकी होतं.

"अरे, ती चादर लाव की," आई म्हणाली.

"कुठली?"

"पुरणयंत्राची. तू तुझ्या त्या पेटीवर टाकलीयस ती. पुष्कळ मोठी आहे, दोन जोडून शिवलेली आहे."

दुसरं काही नव्हतंच. चादर आणली, घडी मोडली, बांबूंना बांधली. चंद्रहासनं सैल बांबू हातानं धरला. यशोधननं आपला दुरुस्त केलेला सिनेमा सुरू केला.

केल्मावर रक्ताचा सडा पडल्यासारखं झालं. आकाश लालभडक, कप्तान बीट खाल्लेल्या माणसासारखा, आणि आकाशात एक नव्हे, दोन चिरा! काय बिघडलंय ते बघायला तो धावत चादरीच्या मागे गेला, तर मागच्या बाजूनं कप्तानाची पट्टी डाव्या डोळ्यावर. त्यानं डोळे चोळले. ग्रॅहमनं समजूतदारपणे विचारलं, की हा भयपट आहे का.

"आई, ही चादर लाल कशानं आहे?" यशोधन ओरडला.

"लाल कुठंय, गुलाबी आहे. नव्याच होत्या दोन्ही, पांढऱ्याशुभ्र. कांचनचं लाल पातळ त्यांच्याबरोबर भिजत पडलं, कच्च्या रंगाचं. मग काय, अंथरायला लाज वाटायची. त्याच वर्षी मंडळाचा पडदा उंदरांनी खाल्ला, तर मी म्हटलं, या घ्या. मधोमध शिवून दिल्या. त्यावरच नाही का तो तुझा सिनेमा दाखवला?"

यशोधननं चादरीच्या मधोमधच्या शिवणीवरून बोट फिरवलं.

"आई," यशोधन हळू म्हणाला, "महिनाभर मी सगळ्यांना विचारतोय..."

"तू आकाशाबद्दल विचारत होतास," आई म्हणाली. "चादरीबद्दल कुठं विचारलंस?"

अनुराधा हसायला लागली, मग विनिता, मग चंद्रहास इतका हसला, की बांबू डोलायला लागला. यशोधन घरात गेला आणि मूळ चकती घेऊन आला. कंपनीची. पिवळ्या आकाशाची, डाव्या डोळ्याची, बिनचिरेची. ती लावून तो चादरीच्या मागच्या बाजूला, चंद्रहासनं धरलेल्या बांबूशेजारी जाऊन ओल्या गवतावर मांडी घालून बसला.

आणि तिथे केल्मा होता. आकाश अबोली, आईच्या वेणीतल्या फुलांसारखं. पट्टी उजव्या डोळ्यावर. मधोमध शिवणीची चीर, आणि यंत्रमानव तिच्यातून आरपार चाललेला. एक धागा कमी नाही, एक जास्त नाही. गॅरेज राखाडी करून, लोण्याचं यंत्र लावून, परक्या माणसांशी भांडून तो जे शोधत होता, ते त्याच्याच संगणकावर धूळ खात पडलं होतं. यशोधनला इतका आनंद झाला, की तो आठ वर्षांच्या आवाजात ओरडला, "अप्पा! इकडे या! हेच ते!"

चंद्रहासनं आवाजानं दचकून मागे पाहिलं, एका हातानं तो मोदक घेत होता, आणि नेमका तेव्हाच वारा आला. बांबू सुटला. चादर कलंडायला लागली.

अप्पा खुर्चीतून उठले. कानटोपी, शाल, ब्लँकेट, सगळ्यासकट ते चार पावलं झपाट्यानं गेले, पडता बांबू दोन्ही हातांनी धरला, उजवा पाय त्याच्या बुंध्याशी आडवा लावला आणि ताठ उभे राहिले. चादर सरळ झाली. केल्मा जागेवर आला.

"असा पाय लावायचा," ते चंद्रहासला म्हणाले. "नुसत्या हातानं राहत नाही हा."

यशोधन गवतावर बसल्या बसल्या वर बघत होता. त्याच्या खांद्याजवळ अप्पांचा पाय होता. तीच जागा, तोच पाय.

"अप्पा, तेव्हा बांबू तुम्ही धरला होता?"

"मग कोण धरणार? खड्डा नीट खणलाच नव्हता मंडळाच्या पोरांनी. सिनेमा बंद करू म्हणाले, तर तू भोकाड पसरलंस. मग म्हटलं, धरतो. पुढं गर्दी, तू हरवशील, म्हणून तुला चादरीच्या मागं पायाशी बसवलं."

"सबंध सिनेमा?"

"हां. हात भरून आले होते," अप्पा म्हणाले. "म्हणून तर तुला सांगितलं ना, मी नाही पाहिला."

यशोधन उठला. त्यानं अप्पांच्या हातातून बांबू घेतला, बुंध्याशी पाय आडवा लावला आणि म्हणाला, "तुम्ही जा, बसा. पहिल्यापासून लावायला सांगतो."

"अरे, पण तू..."

"बसा हो अप्पा."

ओवीनं सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला आणि अनुराधानं अप्पांना खुर्चीत नीट गुंडाळलं. यान ढगांतून उतरलं. आईनं सवयीनं हात जोडले. वारा चादर ओढत होता आणि यशोधनचे दंड लवकरच दुखायला लागले. बांबूच्या जागेवरून सिनेमा दिसत नाही, हे त्याला आता कळलं. पुढूनही नाही आणि मागूनही नाही. तिथून फक्त चादरीची कड दिसते, आणि समोर बसलेल्यांचे चेहरे.

अप्पा पुढे वाकून बघत होते. तोंड जरासं उघडं होतं. यंत्रमानव ठेच लागून पडला तेव्हा ते चक्क हसले, आणि आईला कोपरानं ढोसून "बघ, बघ," म्हणाले. प्रगतिपुस्तकावर सह्या करणाऱ्या या माणसाचा असा चेहरा यशोधननं आजवर पाहिला नव्हता. चादरीवरून परतलेला उजेड त्या चेहऱ्यावर पडला होता, आणि तो अबोली होता.

टेकडीचा प्रसंग जवळ आला तसं अप्पांना अचानक आठवलं. त्यांनी मान वळवून अंधारात हाक मारली, "यशा, तुला दिसतंय का रे तिथनं?"

यशोधननं बांबू आणखी घट्ट धरला.

"दिसतंय, अप्पा, दिसतंय," तो म्हणाला. "तुम्ही बघा."